गट नंबर एकशे बारा, पांढर

बोरीच्या काठाला, अंमळनेरच्या शिवेबाहेर,
काळ्या रानात एवढाच तुकडा पांढरा.
सातबाऱ्यावर नुसतं 'पोटखराब'.
धाब्याच्या घरांसाठी लोक इथली माती
गाडीगाडीने नेत आले,
म्हणजे एका गावाच्या भिंती
दुसऱ्या गावाच्या माथ्यावर जाऊन बसल्या,
तेव्हा कुणी अहवाल मागितला नव्हता.

आता चुन्याच्या फक्कीने प्लॉट आखलेत,
खुंट्यांना लाल चिंध्या.
प्रवीणशेठ म्हणाले, एकवीस दिवस घ्या,
पाडव्याला बुकिंग आहे.
जेसीबी चिंचेखाली थांबून राहिला,
सोंड मातीला टेकवून.

आम्ही खुरप्याने सुरुवात केली.

पहिला थर: गुटख्याच्या पुड्या, ट्रॅक्टरचा एक नट.
दुसरा: नांगराने फिसकटलेला, कशाला काही मेळ नाही.
तिसऱ्यात जमीन लागली, सारवलेली.
सुपडाबाईने तिच्यावर पाण्याचा हात फिरवला,
बोटांच्या कमानी वर आल्या,
तशी ती म्हणाली,
"सारवनारी डावखोरी व्हती."
मी वहीत लिहिलं: शेणमाती, जाडी दोन सेंटिमीटर.
डावखुरेपणाला रकाना नव्हता.

चूल निघाली ती प्लॉट चौदाच्या सेप्टिक टँकखाली.
राजा नाही, नाणं नाही, मूर्ती तर नाहीच.
पेपरवाला आला,
गाडी बंद न करताच परत गेला.

आणि मग घरांच्या मागल्या अंगाला, उताराला,
सतराव्या दिवशी, उकिरडा.
राख. हाडकं. जळून टिकलेली ज्वारी.
काचेच्या बांगड्यांचे तुकडे, हिरवे, एकच पिवळा.
मांड्याच्या खापराचा काठ, आतून काजळलेला,
म्हणजे तेव्हाही ते पालथंच घालत.
एका विटेवर कुत्र्याचा पाय,
वीट ओली असताना पळालेला,
नखं खोल गेलीत.

मला हसू आवरेना.
उखर्डू खड्ड्यात बसून माझ्याकडे बघत होता.
एवढ्या कचऱ्याला बाई का हरखली?
सांगितलं त्याला: घरातलं सगळं लोक घेऊन जातात, भाऊ,
गाव उठलं की दारंसुद्धा काढून नेतात.
फेकलेलं तेवढं मागे राहतं.

तो बराच वेळ ब्रश झटकत राहिला.
"मन्हा पहिले दोन भाऊ गयात," म्हणाला.
"म्हनीसन मायनी माले उकिरडावर ठेवं,
आन् सवा रुपयामा परत इकत लिधं.
यमले वाटनं, हाऊ कचराच शे."
मग उठला, टोपलं डोक्यावर घेतलं.
साठ वर्षांचा असेल. नक्की त्यालाही माहीत नाही.

एकविसाव्या दिवशी खड्डे बुजवले.
रिवाजाप्रमाणे मी तळाला यंदाचा रुपया टाकला,
पुढच्या खणणाऱ्याला कळावं, इथवर कुणी येऊन गेलं.
उखर्डूने त्यावर आपली चुन्याची डबी ठेवली,
रिकामी, झाकणासकट.
हे अहवालात नाही.

अहवाल पुण्याला गेला. बावन्न पानं, चार नकाशे.
बांगड्या जळगावच्या एका कपाटात आहेत, चावी रजेवर.
पाया खणायला प्रवीणशेठने तीच माणसं घेतली,
रोजावर पन्नास रुपये जास्त.

काल दुपारी फोन आला.
मागे मिक्सरची घरघर, मध्येच सुपडाबाईचा आवाज.
"म्याडम, सात नंबरना पायामा
खापरं निंघी राह्यनात. मुकादम बोंबलस.
फेकी देऊ का?"

माझ्या टेबलावर दुसऱ्या गावाची फाईल होती.
परवानगी नव्हती, दिवस नव्हते, गाडी नव्हती.

फेक, म्हटलं, उखर्डूभाऊ,
पण सगळं एकाच जागी फेक.