सीटची उंची

आमच्या मुलखात डोंगर नाही.
डोंगराचं काम वारा करतो.
डोंगर निदान एका जागी बसतो तरी;
हा सकाळी जाताना समोरून,
आणि संध्याकाळी येताना
तोही समोरूनच.

फ्रानेकरहून हार्लिंगन, दहा किलोमीटर,
एका अंगाला कालवा, दुसऱ्या अंगाला मेंढ्या,
आणि वृद्धाश्रमातली सातची पाळी.
अठ्ठावन्नाव्या वर्षी गुडघ्यांनी राजीनामा दिला.
मी दिला नाही.
बॅटरीची सायकल घेतली.
दोन महिन्यांचा पगार गेला,
वर थोडी लाज.

वीब्रेन म्हणाला, ही सायकल नव्हे, हिल्के,
हे म्हातारपणाचं आगाऊ बुकिंग.
आणि हे कोण म्हणतंय?
ज्याने तीस वर्षं बटण दाबून
कालव्यावरचा पूल उचलला,
हाताने एकदाही नाही.

दुकानदार म्हणाला होता, ऐंशी किलोमीटर चालेल.
तो आकडा कुठल्यातरी बिनवाऱ्याच्या देशातला असावा.
जानेवारीत बॅटरी निम्मी होते,
मग ती घरात आणायची,
कॉफीच्या यंत्राशेजारी निजवायची
तान्ह्या बाळासारखी.
कुलूप सायकलीहून जड नाही एवढंच.
पाऊस मात्र तोच,
त्याला कुठे कळतंय
मोटर आहे की नाही.

फेब्रुवारीत एका संध्याकाळी विसरले चार्ज करायला.
मेंढ्यांच्या फाटकापाशी शेवटची रेघ विझली.
सव्वीस किलो लोखंड, मी, आणि वारा.
झोपलेली गाय ढकलत न्यावी तशी
पॅडल मारत राहिले.
अंधारात समोरून एक दिवा हलत आला,
डायनॅमोचा, पिवळा, धापा टाकणारा.
वीब्रेन. जुन्या काळ्या सायकलवर.
काही बोलला नाही. वळला, शेजारी आला,
एक हात हँडलवर,
एक माझ्या पाठीवर.
लग्नाआधी याच रस्त्यावर
असाच ढकलायचा मला, घरी पोचायला उशीर झाला की.
मी म्हटलं, मग ही मदत चालते वाटतं?
तो म्हणाला, वारा आहे, तोंड मिटून चालव.

पाळीवरची योके परवा विचारत होती,
रोजच्याला परवडते का हो ही? खरं सांगा.
खरं म्हणजे काय सांगायचं?
टायर महाग, दुरुस्तीवाला मिजासखोर,
पण सातला पोचते तेव्हा
अंगात जोर शिल्लक असतो
म्हाताऱ्या दाउवेना खुर्चीतून उठवण्याएवढा.
आधी तो जोर वाराच खाऊन टाकायचा.

आज सकाळी सायकलवर बसले
आणि पाय पोचेनात.
सीट दोन बोटं वर चढलेली.
हँडलला पावाचे कण,
बेकरीच्या पिशवीचा दोरा.

स्वयंपाकघराच्या खिडकीत वीब्रेन
वर्तमानपत्र वाचत होता,
फारच मन लावून.

मी सीट खाली केली.
रेंचला मात्र
हाताशीच ठेवलंय.