डाव्या हाताची अक्षरं

आप्पा मिठबावकर. नौदलात सिग्नलमन,
नंतर बारा वर्षं बंदरातल्या मनोऱ्यावर.
मी नऊ वर्षांची असताना त्यांनी मला
शिवडीच्या गच्चीवर, सुकत घातलेल्या बोंबलांशेजारी
उभं केलं. म्हणाले, हात म्हणजे घड्याळाचे काटे.
कोपरात वाकलीस की खोटं बोललीस.

निशाणं आईनं शिवली. पिवळा तिच्या परकराचा,
लाल कुठल्याशा निवडणुकीतला.
'ळ' नाही, 'ण' नाही, काना-मात्रा तर नाहीतच;
तरी पाण्याच्या टाकीपासून जिन्याच्या दारापर्यंत
मीठ संपलं, मावशी आली, आई रागावलीय,
असं इंग्रजी अक्षरांत आम्ही मालवणी बोलायचो.

एकाहत्तरात वायरलेस मुका ठेवला होता.
तेव्हा अख्खी बोट माझ्या खांद्यांनी बोलायची, म्हणत.
शब्द संपला की दोन्ही हात खाली, मांड्यांपुढे.
समोरच्याला कळला, तर तो 'सी' करतो:
उजवा हात, तिरका, वर.
नाही केला तर पुन्हा सांगायचं. चिडायचं नाही.

अठराव्या वर्षी मी बोटीवरच्या नोकरीचा अर्ज आणला.
त्यांनी त्याची चौघडी केली
आणि डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली सरकवली.
टेबल स्थिर झालं.
मी पोस्टात लागले.

आता त्यांची उजवी बाजू गेलीय. वाचाही.
उजवा हात कायमचा शब्द संपवून पडलाय मांडीवर.
एकट्या डाव्यानं चारच अक्षरं होतात:
डी, ई, एफ, जी.
पाणी मागायचं म्हटलं तरी जमत नाही एवढ्यात.

काल वडाळ्याच्या इस्पितळातून निघाले,
फाटकाशी वळून पाहिलं.
दुसऱ्या मजल्याच्या खिडकीत चाकाची खुर्ची,
डाव्या हातात नॅपकिन.
तिरका वर. खाली. तिरका वर. खाली.
मागे उभी नर्स हसत होती,
तिला वाटलं, बाबा लेकीला टाटा करतायत.

मी मोजले. आठ.
एक ई म्हणजे नुसता ई.
ओळीनं ई, ई, ई म्हणजे
चुकलं, मागचं पुसा.
किती मागचं, ते सांगायची सोय
या लिपीत नाही.

पर्स डाव्या खांद्यावर घेतली,
कोपर ताठ केलं,
उजवा हात तिरका वर.

एक टॅक्सी येऊन थांबली.
कुठे जायचंय, त्यानं विचारलं, दोनदा.
मी हात खाली घेतला नव्हता.