पावती क्रमांक ३१२

अकरा गणवेश. वाळूच्या रंगाचे.
दंडावर दुसऱ्या देशाचं निशाण,
दोघांना हलका स्टार्च, बाकी साधी इस्त्री.
मंगळवारी टाकले, गुरुवारी न्यायचे होते.
बुधवारी रात्री त्या अकरांना
खाडीपलीकडच्या चौकीवर गाडीतून उतरवून घेतलं.

अटक म्हणायचं नाही.
इथला रेडिओ म्हणतो, थांबवलंय.
तिकडचा म्हणतो, डांबलंय.
तिसऱ्या दिवशी कुणीतरी शब्द शोधून आणला, पाहुणे,
आणि शफिकुल इतका हसला
की वाफेच्या प्रेसवर त्याचा हात भाजता भाजता राहिला.

खोर मालिहात माझी लाँड्री चौदा वर्षं.
मी चंद्रसेन परीट, मूळ गाव लांजा तालुक्यात,
पाटीवर मात्र कफीलच्या मुलीचं नाव.
दोन्ही फौजांचे कपडे माझ्या एकाच यंत्रात फिरतात.
दर फेब्रुवारीत त्यांचा एकत्र सराव असतो,
तेव्हा धक्क्यावर मोठा कापडी फलक लागतो:
दोन हात, एकमेकांत.
मागच्या वर्षी तोही धुवायला इथेच आला होता.
उजव्या हातावरचा ग्रीसचा डाग काही निघाला नाही.

आता दोघं व्याह्यांसारखे रुसलेत.
लग्न मोडायचं कुणालाच नाही,
तेल आहे, धक्का आहे, डोंगरावरचं रडार आहे,
नातवंडं म्हणावीत अशी तीस तीस वर्षांची कंत्राटं आहेत.
पण मानपानात कुठेतरी चुकलं.
कुणी न विचारता उंबरा ओलांडला,
कुणी आहेर परत केला.
एक राजदूत सल्लामसलतीला म्हणून घरी गेला,
आणि त्यांचं जहाज खाडीच्या तोंडाशी उभं,
आत येत नाही, परत जात नाही,
मांडवाच्या दारात अडून बसलेल्या वरमाईसारखं.

गुरुवारी कुणी आलं नाही.
रविवारी दोघं आले, सुटातले, वेगवेगळ्या वेळी.
पहिल्याने विचारलं, कपडे सध्या कुणाच्या ताब्यात?
म्हटलं, हँगरच्या.
दुसऱ्याला लिहून हवं होतं
की मंगळवारी अकराच्या अकरा खुशीत होते.
म्हटलं, साहेब, मी कॉलरी बघतो, तोंडं नाही.

खरं तर एकाचं आठवतं.
उंच, कानाजवळ वस्तऱ्याने कापलेलं.
चौथं बटण तुटलंय हे त्याने
बोटांनी हवेत शिवून दाखवलं होतं.
मी लावलं. दोऱ्याचा रंग जरासा वेगळा आहे,
उन्हात धरल्याशिवाय कळायचा नाही.

रात्री शटर ओढताना हिशेब करतो.
त्यांना धरून नऊ दिवस,
नऊ दिवस दोन परराष्ट्रमंत्र्यांना झोप नाही.
माझा पासपोर्ट कफीलच्या कपाटात सहा वर्षं,
खालच्या कप्प्यात, मुलीच्या जुन्या खेळण्यांशेजारी.
त्यालाही अटक म्हणत नाहीत.
तोही पाहुणाच असावा.
कुणी माझ्यासाठी जहाज आणून उभं केलं
तर मलाच मेल्याहून मेल्यासारखं होईल.

दहाव्या दिवशी पहाटे दोनला विमान उठलं.
संयुक्त निवेदन चार ओळींचं,
त्यात गैरसमज दोनदा, अतूट एकदा.
सराव ठरल्याप्रमाणे होणार.
फलक पुन्हा धुवायला आलाय.

गणवेश इथेच.
पावती ज्याच्या खिशात होती
तो पावतीसकट गेला,
आणि पावतीशिवाय कपडे मिळणार नाहीत
हे भिंतीवर मीच लावलंय, चार भाषांत.
एसी सुरू झाला की बावीस बाह्या एकदम हलतात.
शफिकुल विचारतो, चादर टाकू का वरून?
नको, म्हटलं.

साठ दिवसांनंतर दुकान जबाबदार नाही,
असंही लिहिलंय खाली, बारीक अक्षरात.
आज एकोणिसावा.