शेरा

अकराला लिंक आली.
मोबाइल टेकवायला काहीतरी हवं होतं,
कायद्याचा एक जाड खंड सापडला,
आल्यापासून कुणीच न नेलेला.
शेवटी कामी आला.

आमचं वाचनालय ‘ड’ वर्गात.
दोन खोल्या, तीन कपाटं,
पंखा लाइन असली तर.
दर्यापूरकडचं खारपाणपट्ट्यातलं गाव,
मीठ नुसतं विहिरीत थांबत नाही,
भिंतीतून वर चढतं
आणि खालच्या फळीवरच्या पुस्तकांना
घोट्यापर्यंत पांढरं करतं.
वेखंड ठेवते मी, कडुनिंब ठेवते.
उधईला कळतं, मिठाला नाही.

समोर सोळा चौकोन:
मेहकर, आर्वी, कारंजा,
एक नुसतंच ‘रेडमी नोट’ नावाचं.
अमरावतीहून राजूरकर सर सांगत होते,
जुनं ते आधी, दुर्मिळ ते आधी.
पान सपाट ठेवा. सावली पडू देऊ नका.
थुंकी लावून पान उलटू नका.
मी बोट पदराला पुसलं,
कॅमेरा चालू होता हे नंतर कळलं.

‘ताई, तुमच्याकडे दुर्मिळ काय?’

काय सांगू?
पहिली बारा पानं नसलेलं एक व्याकरण आहे.
मग देवघेवीची वही उचलली,
नथ्थूजी काळमेघांच्या हातची.
एकतीस वर्षं त्यांनी हे दार उघडलं.
वहीत शेवटचा रकाना शेऱ्याचा,
फाटलं, हरवलं, दंड घेतला,
एवढं लिहायला बोटभर जागा.
नथ्थूजी लिहायचे:

परत आलं. पान ४३ वर हळद. घरी लग्न होतं, दंड नाही.

वाचता येत नाही. चित्रांसाठी नेलं. तिसऱ्यांदा.

पुरात भिजलं. आणणाराही भिजला होता.

विहीर खोदण्याचं पुस्तक परत. पाणी खारंच लागलं म्हणतो.

पुस्तक आलं, गोकुळा उईके आली नाही. सही भावाची.

आठ महिने झाले म्हणून मागायला गेलो.
बाई ओट्यावर वाचत होती. तसाच फिरलो.

मी वाचत गेले.
‘ताई, तुम्ही म्यूटवर आहात,’
रेडमी नोट म्हणाला.
मग सगळं पुन्हा वाचलं, पहिल्यापेक्षा हळू.
कुणीतरी हसलं. कुणीतरी
कॅमेरा बंद केला.

सर म्हणाले, सुंदर आहे,
पण तक्त्यात शेऱ्याचा रकाना नाही.
ग्रंथनाम, लेखक, वर्ष, पृष्ठं, अवस्था.
या वह्या तर बरेच जण रद्दीत काढतात.

आणि लाइन गेली.

पारस मोबाइल घेऊन टाकीच्या जिन्यावर चढला,
‘काकू, इथं दोन काड्या येऊन राह्यल्या!’
मी खालीच बसून राहिले,
वही मांडीवर.
नको तेव्हा पानं भराभर उलटतात.

पंचफुलाची पोरगी, वय नऊ.
वर्गणी नाही. वय बसत नाही.
पुस्तक मोठ्यांचं. दिलं.

परतीच्या तारखेचा रकाना कोरा.

पंचफुला माझी आई.
पुस्तक अजून घरी आहे,
ज्वारीच्या कोठीमागे, पत्र्याच्या पेटीत,
तिथं मीठ पोचत नाही.
गेली अकरा वर्षं मी गावभर फिरून
लोकांकडून उशिराची पुस्तकं गोळा करते.

वरून पारसची हाक:
‘सर इचारून राह्यले, फोटो कायचा पाठवू?’

वही दाराच्या उजेडात नेली,
सपाट धरली,
त्या एका ओळीवर बोट ठेवलं.
फोटोत बोटाची सावली आली,
अर्ध्या ‘दिलं’वर.
दुसरा काढता आला असता.
तोच पाठवला.