आठी

मँचेस्टर रोडवर करमजीतच्या दुकानात
मी भेंडीचं टोक मोडून बघते.
‘मोडू नये’ अशी पाटी आहे, इंग्रजीत आणि पंजाबीत.
मराठीत नाही, म्हणून मी मोडते.

त्याच दुकानाच्या वर, एक अरुंद जिना चढून,
जेडकडे मी भुवया कोरून घेते.
मार्चमध्ये तिनं माझ्या भुवयांच्या मधोमध बोट टेकलं:
“हे बघा, तुमचे अकरा.”
दोन उभ्या रेघा. अकराच.
चेहऱ्याचे बारा वाजायला एकच कमी.
“काढून टाकू. दीडशे पौंड,
मैत्रीण आणलीत तर सव्वाशे.”

मी स्विंडनच्या कौन्सिलात पगार तपासते, एकोणीस वर्षं.
पेनी चुकली की रात्री उठून बसते.
म्हणून विचारलं,
बाटलीत काय आहे?
बोटॉक्ससारखंच.
सारखंच म्हणजे?
कुणी लिहून दिलं?
एक नर्स आहे ब्रिस्टलला, फोनवर हो म्हणते.
तिनं मला पाहिलंय?
फोटो पाठवते ना मी.
आणि पापणी खाली आली तर?
येत नाही.
आली तर?

जेडनं दातांतला दोरा सोडला.
पोरगी वाईट नाही. आई डायलिसिसवर,
एका शनिवारचा कोर्स, सोनेरी किनारीचं प्रमाणपत्र,
त्याखाली फ्रिज, फ्रिजमध्ये ती बाटली
आणि डब्यात कालचा पास्ता.
“विचारणाऱ्या तुम्ही पहिल्याच,” म्हणाली,
आणि मलाच चोरट्यासारखं झालं,
पाटी वाचूनही टोक मोडल्यासारखं.

रेडिंगच्या माझ्या आतेबहिणीनं विचारलं नव्हतं.
कुणाच्या तरी स्वयंपाकघरात, उंच स्टुलावर बसून
तिनं ओठ भरून घेतले.
कोपरा आधी पांढरा पडला, मग जांभळा.
भरलेलं विरघळवायचं औषध असतं,
ते त्या घरात नव्हतं.
रात्र इस्पितळाच्या खुर्चीत गेली,
टोचणारीचा फोन सकाळपर्यंत बंद झाला होता.
आता इंदुमती हसताना तोंडावर हात नेते.
लोकांना वाटतं, लाजते.

मग मी डॉक्टरांची नोंदवही उघडली.
सात आकडे. दोनदा ताळा केला,
सवय.

डॉक्टर मॅक्इनर्नी, ओल्ड टाऊन, दातांच्या दवाखान्याशेजारी.
भिंतीवर फक्त घड्याळ, तेही पाच मिनिटं मागे.
गोळ्या कुठल्या घेता? कशाची ॲलर्जी?
हे कुणासाठी करताय?
शेवटच्या प्रश्नाला मी घड्याळाकडे बघितलं.
“बरं,” त्या म्हणाल्या, “आता रागावून दाखवा.”

रागावता येईना.
एवढ्या चांगल्या उजेडात, एवढ्या सभ्य बाईसमोर,
कुणावर रागवायचं?
शेवटी ग्रॅहम आठवला, आमचा साहेब,
एकोणीस वर्षं मला ‘सू’ म्हणणारा,
आणि आठी आली, धावत आली,
त्यांनी पांढऱ्या पेन्सिलीनं तिच्यावर खुणा केल्या.

पण टोचलं नाही.
घरी जा म्हणाल्या, दोन आठवडे विचार करा.
आलात तर हे औषध, हा बाटलीचा नंबर, लिहून देईन,
आणि रात्री काही वाटलं तर फोन मी उचलते.
काय बिघडू शकतं ते त्यांनी आधी सांगितलं,
किंमत नंतर.
किंमत जेडच्या जवळजवळ दुप्पट.

परतताना बस त्या जादूच्या चौकात शिरली,
पाच छोट्या फेऱ्या, मधली उलटी,
आणि नेहमीसारखी कशी कोण जाणे
बरोबर रस्त्याला लागली.

दोन आठवड्यांनी गेले. करून घेतलं.
का, ते घड्याळालाही सांगितलं नाही.

सोमवारी ग्रॅहम म्हणाला, “मॉर्निंग, सू.”
मी आतून आठी घातली.
कपाळ शांत, इस्त्रीच्या चादरीसारखं.
एकोणीस वर्षं जे काम कपाळावर सोपवलं होतं
ते तोंडाला करावं लागलं:
“माझं नाव सुवर्चला आहे.”

चार महिन्यांत उतरतं म्हणे औषध.
तेवढ्यात चार अक्षरं
यायला हवीत त्याला.