दुरुस्ती

हजेरीच्या जुन्या रजिस्टरात मागची पानं कोरी होती.
तिथंच लिहायला घेतलं अण्णांचं पासष्ट साल.

थोरल्याकडं एक गोष्ट आहे.
लग्नकार्यात पंगत उठली की तो सांगतो:
अण्णांनी पाठीवर साहेब वाहून आणला, बर्फातून, तीन कोस.
दर लग्नात एक कोस वाढतो.
गयाआत्या म्हणते, कुठला साहेब?
खेचरं हाकीत होता त्यो.
पगार मात्र टायमावर यायचा,
त्यातनंच माझ्या पाटल्या झाल्या.

अण्णा फक्त खेचराचं सांगतात.
खुरावर डागलेला नंबर, एकशे अठरा.
डाव्या कानाला चीर.
नाव नव्हतं, यांनीच ठेवलं, मैना.
गुळाचा खडा दाखवल्याशिवाय चढाला लागायची नाही.

पूंछच्या वर कुठंतरी एक रात्र.
खाली नाल्यात माणसं होती,
कुणाची, ते दिसत नव्हतं.
खुरांना गोणपाट बांधलेलं.
ती ओरडली असती तर सगळेच गेले असते,
म्हणून अण्णांचा तळहात तिच्या नाकपुड्यांवर,
उजाडेपर्यंत.
"कढत श्वास व्हता बग."
एवढंच. मग उठून शेळीला पाला टाकायला जातात.

आई सांगायची ते लढाईचं नव्हतंच.
तू तान्ही होतीस, रात्री रडलीस
की हे ताडकन उठायचे,
दोन्ही हात काखेत दाबून
अंगणात जाऊन बसायचे, थंडी असो की काही.
मला वाटायचं, लेक झाली म्हणून रुसलेत.

दोन्ही गोष्टी मी एकाच पानावर लिहिल्या.
मध्ये एक ओळ सोडली.
तिथं काय लिहावं, कळेना.

काल औशाला गेले, वाचून दाखवलं.
मागं ज्वारीची मळणी चालू होती,
मशीन बंद होईपर्यंत थांबलो.
"काय लिव्हलालीस एवढं?" म्हणाले,
मग गप ऐकत राहिले.
आईची जागा आली तेव्हा
माझाच आवाज बसला.

रजिस्टर ओढून घेतलं त्यांनी,
चष्मा पुसला,
बोट ठेवलं भलत्याच ओळीवर:
"दीड मण न्हवं. दोन मण वझं व्हतं तिच्यावर.
दोन्ही अंगाला सारखं लागतंय.
एकीकडं जास्ती झालं की पाठ सोलती."

मी दीड खोडलं, दोन केलं.

पान मिटताना म्हणाले,
तुझी माय हुती तवा
कामून लिव्हलं न्हाईस?