दीड इंच माया

शहापुरात गल्लीच्या तोंडाला माझं दुकान.
एक मशीन, एक स्टूल,
आणि भिंतीवर एकच गोष्ट दोन भाषांत: उधारी बंद.
कन्नडमधली मुलीनं लिहिली. अक्षर चांगलं आहे तिचं.

शनिवारी रामण्णाच्या हॉटेलात आम्ही चौघं बसतो,
भरमा, दस्तगीर, बस्त्याव आणि मी.
मी कधी पहिला जात नाही.
पहिल्यानं विचारायचं असतं, काय घेणार?
शेवटचाही जात नाही,
कडेची खुर्ची मिळते आणि बिल तिथंच येतं.
घरून भाकरी खाऊन निघतो,
म्हणजे वडा समोर आला तरी
‘पोट भरलंय रे’ हे खोटं होत नाही.
बायको गोकाकची. ती मला जुग्ग म्हणते,
आणि लाडानं म्हणत नाही.

भाऊ पुण्याला असतो, अर्ध्या चहाला कटिंग म्हणतो.
कापलेला.
आमच्याकडं बाय-टू.
वाटलेला.
एवढ्याशा फरकावर मी वीस वर्षं काढली.

यंदा बस्त्यावच्या पोरीचं लग्न ठरलं.
तो उठून हात धुवायला गेला तेवढ्यात भरमा म्हणाला,
तिघांत मिळून फ्रीज देऊया की. डोईला पाच हजार.
होय की, म्हणालो मी.
तोंड आधी होय म्हणतं,
खिशाला मागून कळतं.
त्याच आठवड्यात मुलीच्या डिप्लोमाची फी होती.
रात्री मी पत्र्याचा डबा दोनदा मोजला,
दुसऱ्यांदा वीस रुपये कमीच भरले.

पुढच्या शनिवारी बशीत फुंकर मारत, खाली बघत बोललो,
मला एवढं नाही जमायचं.
वर पंखा फिरत होता, तेवढाच आवाज.
मग दस्तगीर म्हणाला, साकु, सोड ते.
मलाबी जड जायलंय.
तू कधी बोलतोस म्हणून बघायलो होतो.
भरमा काही बोलला नाही.
तिघांचं बिल देऊन गेला, सुट्टे न घेता,
आणि दोन शनिवार आला नाही.

बस्त्याव मात्र दुकानात आला, पिशवीत कोट घेऊन.
सव्वीस वर्षांपूर्वी त्याच्या लग्नाला मीच शिवलेला.
बसतोय का बघ, म्हणाला. पोट आत ओढून उभा राहिला,
बटण काजापासून चार बोटं लांब.

शिवणीच्या आत जे कापड सोडायचं,
त्याला आम्ही माया म्हणतो.
अर्धा इंच चालते. बाजारात तेवढीच सोडतात.
माझा वस्ताद दीड सोडायला लावायचा.
कापड जपायचं ते बेतताना, म्हणायचा,
शिवणीत जपलास तर
काखेत आवळतंय, आणि माणूस
जेवताना हात वर करायला लाजतोय.

उसवला. आतली माया तशीच होती,
काळीभोर, कालच ठाणातून काढल्यासारखी.
बाहेरचा रंग उडून गेलेला.
सोडला कोट चारी शिवणींत. बसला.
फक्त दोन्ही कुशींना एक एक गडद पट्टी राहिली,
ती मला लपवता आली नाही.
शिलाई किती, त्यानं विचारलं.
मी दोऱ्याचे तेवढे घेतले. फुकट म्हटलं असतं
तर तो पुढच्या वेळी आला नसता.

लग्नात चर्चच्या पायरीवर
बस्त्याव हात खाली ठेवून उभा, पट्ट्या झाकत.
भरमानं त्या बघितल्या.
माझ्याकडं बघितलं. हसला नाही,
पण जेवणाच्या रांगेत माझ्या मागं येऊन थांबला.
फ्रीजचं काय झालं ते मी विचारलं नाही.
एक मिक्सर दिसला, त्यावर तीन नावं होती,
त्यात माझंही.
कुणी किती घातले ते अजून ठाऊक नाही मला.

परवा शनिवारी मी सगळ्यांच्या आधी जाऊन बसलो.
भरमा आला, समोरची खुर्ची ओढली.
काय घेणार?
तो रस्त्याकडं बघत राहिला, खडे बाजाराकडं जाणाऱ्या
रिक्षा मोजल्यासारखा.
मग म्हणाला,
बाय-टू.